चार नंबरच्या कॅबमधून आलेली गिटार

सरळच सांगतो, मी असल्या गोष्टींवर हसणारा माणूस आहे. चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन आहे. वायर कुठून निघाली आणि कुठे गेली हे कळल्याशिवाय मला घास जात नाही. या ग्रुपवरचे भुताखेताचे अनुभव मित्रांना पाठवून मी टिंगलही केलीय. तरी आज लिहितोय, कारण दुसरं कुणाला विचारावं तेच सुचत नाही…

मी आणि माझा थोरला भाऊ नितीनदादा — आम्ही मूळचे लातूरकडचे — चिंचवड एमआयडीसीत एका लेथ वर्कशॉपच्या वरचा गाळा भाड्याने घेऊन छोटा स्टुडिओ चालवतो. रेकॉर्डिंग फक्त गुरुवारी. त्या दिवशी आजूबाजूच्या मशीन बंद असतात, नाहीतर प्रत्येक गाण्यात खडखडाट यायचा.

माझ्या टेबलापाशी गिटारचे तीन अँप्लिफायर, म्हणजे अँप. आतल्या बंद खोलीत चार स्पीकर, आम्ही त्यांना कॅब म्हणतो, आणि प्रत्येकासमोर कायमचा लावलेला माइक. मधे मी बनवलेला स्विचबॉक्स. एका नॉबने अँप निवडायचा, दुसऱ्याने कॅब. दादाचा नियम एकच होता : नॉब फिरवण्याआधी आत जाऊन त्या कॅबची वायर हाताने ओढून बघायची. आमचे अँप वॉल्व्हचे आहेत, समोर कॅब जोडलेली नसेल तर आतला ट्रान्सफॉर्मर जळतो.

चार महिन्यांपूर्वी दादाने आमच्या गाण्याची गिटार कोरी रेकॉर्ड केली, म्हणजे अँपशिवाय, थेट वायरने. नंतर ती सावकाश वेगवेगळ्या अँपमधून वाजवून हवा तो आवाज शोधायचा, अशी पद्धत असते. शेवटचा तुकडा तेवढा राहिला. त्याच्या कंपनीची शिफ्टची बस यायची वेळ झाली होती. "ते पुढच्या गुरुवारी बघू," म्हणाला आणि गेला.

त्याआधीच, सोमवारी, कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. करंगळीसकट.

तेव्हापासून रहाटणीच्या घरात तो भिंतीकडे तोंड करून पडून असतो. एका बुधवारी वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, काहीतरी करा हो. काल मला म्हणाले, मी नसलो तर तुमचं सोपं होईल. मी घरातल्या सगळ्या गोळ्या उचलून शेजारी ठेवल्यात."

काय करावं कळेना. शेवटी ठरवलं, निदान त्याची गिटार त्याच्या आवाजात त्याला ऐकवू. आपण काय होतो ते ऐकून तरी उठेल.

गुरुवारी सकाळी नऊपासून बसलो. एक नंबरचा अँप, एक नंबरची कॅब. मग दोन, तीन. दुसरा अँप, परत तेच. कुठे पत्र्यासारखा आवाज, कुठे गोधडीतून आल्यासारखा. दादा कुठेच नाही. दुपारी एकला मी नॉब नुसते वेड्यासारखे फिरवत होतो आणि खरं सांगतो, रडत होतो. त्या भरात आत न जाताच कॅबचा नॉब चारवर नेला.

आणि दादाच्या गिटारचा आवाज आला. तोच, डिट्टो. मी रेकॉर्डचं बटण दाबलं आणि हात मांडीखाली घालून बसलो, चुकून काही हलायला नको म्हणून. गाणं अर्धवट तुकड्यापाशी आलं… आणि थांबलंच नाही. वीसेक सेकंद पुढे वाजत गेलं, थेट शेवटापर्यंत. शेवटचा सूर करंगळीने जरासा वर ओढायची दादाची खोड आहे, तीसुद्धा होती.

मूळ फाइल उघडली. त्या जागी सरळ रेघ. काहीच वाजवलेलं नाही. मग आतलं दार उघडलं. दाराआडच्या कोपऱ्यात चार नंबरची कॅब नव्हतीच, सकाळपासून मी तिकडे बघितलंही नव्हतं. माइक मोकळ्या फरशीकडे बघत उभा आणि वायर खाली पडलेली.

दिघीचा आमचा मित्र संतोष, त्याच्याकडे एक किल्ली असते. त्याला फोन लावला.

"व्हय, म्या नेली की रविवारी. आमच्या घरच्या लग्नात वाजवायला. तुला सांगायचं राहिलं राव. का, काय झालं?"

फोन ठेवून अँपला हात लावून बघितला. कॅबशिवाय जळायला हवा होता, तर नुसता कोमट होता.

संध्याकाळी ते गाणं घेऊन रहाटणीला गेलो. दादाच्या कानाला हेडफोन लावले. चार महिन्यांत पहिल्यांदा तो उठून बसला. वहिनी दारात पदराचा बोळा तोंडाशी धरून उभी. गाणं संपलं.

"हे शेवटचं कुणी वाजवलंय?"

मी सगळं सांगितलं, जसं घडलं तसं.

"खोटं कशाला बोलायलास," तो शांतपणे म्हणाला. "करंगळीसुद्धा माझ्यासारखी लावतोय तो. चांगला माणूस शोधलास."

हेडफोन काढून माझ्या हातात दिले आणि परत भिंतीकडे वळला.

पुढच्या गुरुवारी पुरावा म्हणून मोबाइलवर शूटिंग लावून मी तसंच केलं. तोच अँप, तोच नॉब, चार नंबरची जागा तशीच रिकामी. हूं नाही की चूं नाही. पाच मिनिटांत जळका वास आला, ट्रान्सफॉर्मर गेला.

मी शपथा घेतल्या, पाया पडलो, मूळ फाइलही दाखवली. तो म्हणतो, फाइल काय, तू काहीही बनवशील.

तुमच्यापैकी कुणाला हे कसं झालं ते कळत असेल तर कृपा करून लिहा. भूत म्हणा, शॉर्ट सर्किट म्हणा, मला काहीही चालेल, फक्त ते जाऊन दादाला सांगता आलं पाहिजे. मला स्वतःला अजून काही कळलेलं नाही. आणि त्याला वाटतंय की मी त्याच्या जागेवर दुसरा माणूस घेतला.