रस्त्याच्या अलीकडचं घर

वसुधा गेल्याचा फोन तिच्या नवऱ्याने, दिलीपने हॉस्पिटलच्या कार पार्कमधून केला. “घरी नाही आणता आलं गं तिला,” एवढंच म्हणाला... ती जाणार हे आम्हाला ठाऊक होतं. धडपड होती ती तिला शेवटी मेडनहेडच्या घरी आणायची.

वसुधा माझी नागपूरची शाळूसोबतीण, इथे इंग्लंडात सरकारी आरोग्य खात्याच्या स्थानिक ऑफिसात डॉक्टर. नवं शतक नुकतं लागलं होतं तेव्हा तिने योजना मांडली, की बरं न होणाऱ्या पेशंटला घरीच रात्रंदिवस नर्स द्यायची, सरकारी खर्चाने. नियमात ते बसेना, म्हणून ‘प्रयोग’ म्हणून लंडनची खास परवानगी हवी. लंडन म्हणे, हॉस्पिटलपेक्षा खर्च वाढणार नाही हे आधी सिद्ध करा. ही म्हणे, करू दिल्याशिवाय सिद्ध कसं करू? वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, त्यातली गत. वर्षं गेली त्यात. शेवटी परवानगी आली, पण अर्ध्याच गावाला. उरलेलं अर्धं तुलनेसाठी, योजनेविना. रेघ वसुधानेच आखली, नेमकी स्वतःच्या रस्त्यावरून, आणि आपली बाजू बाहेर ठेवली. मी म्हटलं, “अगं, स्वतःचं घर तरी आत घे.” तर म्हणाली, “नको. बाईने आपली सोय पाहिली, असं उद्या कुणी म्हणायला नको.” लोक काय म्हणतील हे आपण विमानातून बरोबर घेऊन येतो, दुसरं काय!

मग तिलाच कॅन्सर निघाला. वेदना अशा, की इंजेक्शन कुठल्याही वेळी लागायचं. दिलीपला एकट्याला झेपेना, आणि रात्रीची खाजगी नर्स मिळेना. एक अपवाद कर, म्हणून मी तिच्या हातापाया पडले. “अटींवर सही माझी आहे,” ती म्हणाली. “एक अपवाद झाला, की लंडनला प्रयोग मोडायला निमित्त मिळेल. पलीकडच्या सगळ्यांच्या नर्स जातील...” स्वतःच बांधलेल्या कुंपणात अडकली बाई. मला तिचा भयंकर राग आला होता, अजून येतो. वॉर्डात, पडद्याआड गेली. अंत्यविधीला तिचा ऑफिसातला सहकारी हळूच म्हणाला, त्यांचा मृत्यू योजना नसलेल्या बाजूला मोजला जाईल. सांत्वन म्हणूनच म्हणाला बिचारा.

परवा दिलीपकडे गेले. पुढच्या खोलीत, खिडकीपाशी तिच्यासाठी घातलेला पलंग तसाच आहे, चादरीला सुरकुतीसुद्धा नाही. चहा घेत होतो, तेवढ्यात समोरच्या घरापुढे नर्सची गाडी थांबली. दिलीपने पडदा सारला. “समोरच्या आजोबांना घरीच ठेवलंय,” म्हणाला. नर्स आत जाऊन दार लागेपर्यंत तो उभा राहिला, मग वळून त्याने पलंगावरची उशी सारखी केली.