पूजेतलं बाड

चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या आमच्या इतिहास केंद्रात वर्षभरात जुन्या फोटोंचा दिवस झाला, घरोघरच्या पाककृतींचा झाला, पण लोक टिकले ते शनिवारच्या मोडी लिपीच्या वर्गात. तो मी शिकवते. बँकेच्या बदलीने पुण्याहून आलेली मी तंजावरकडच्या मराठी माणसांना त्यांच्याच पूर्वजांची लिपी शिकवते, म्हणजे पाहुण्याने यजमानाला घर दाखवावं तसंच.

राघोत्तमराव पहिल्या बाकावर बसत. रेल्वेतून निवृत्त, वय बहात्तर, अभिमान त्याहून मोठा. पणजोबांच्या वडिलांना तंजावरच्या राजाने दिलेला हुकूम आमच्या घरी आहे, हे ओळख होताच सांगत. वार्षिक मेळाव्यात त्यावरच बोलायचं, हे जूनमध्येच ठरलं होतं. आणा, वाचू या, म्हटलं की विषय बदलत. मला राग यायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय.

मग कारण कळलं. तो हुकूम ज्या बाडात होता ते वर्षातून एकदाच बाहेर निघायचं, दसऱ्याच्या आदल्या दिवशीच्या सरस्वतीपूजेला. आणि त्या दिवशी अक्षर वाचायचं नाही, हा त्यांच्याकडचा नेम. पूजा उतरली की लगेच परत कपाटात. पाच पिढ्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, वाचलं कोणीच नाही.

यंदा विजयादशमीला सकाळीच ते बाड घेऊन केंद्रात आले. मी मदत केली नाही. त्यांनीच बोट ठेवून तासभर अक्षरं जुळवली. थांबले, पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं, आणि कागद माझ्याकडे सरकवला.

त्यांनी बरोबर वाचलं होतं. राजाचा हुकूम नव्हताच. चंद्राबाई नावाच्या विधवा शेजारणीने काशीला जाताना आपल्या घराची कागदपत्रं त्यांच्या पूर्वजांकडे ठेवली होती. परत आल्यावर नेईन, तोवर जपावी, एवढंच वर लिहिलेलं.

"हें आमचें नव्हेंच मा," ते म्हणाले. "मग आमचें काय?"

मला आधीच्या रागाची लाज वाटली.

पुढचे पंधरा दिवस त्यांचे गोंधळातच गेले. बाड पुन्हा पूजेत ठेवायचं का? परत करायचं तर कोणाला? त्यांच्या पत्नी, तुळसीबाई म्हणाल्या, इतकी वर्षं पूजा केली, आता आपलंच की. राघोत्तमरावांना ते पटेना, आणि का पटत नाही हेही सांगता येईना. मेळाव्यातलं भाषण रद्द करू का, असं मी विचारलं. त्यावर हो म्हणाले, संध्याकाळी फोन करून नको म्हणाले.

मेळाव्याला हॉल भरला होता. तंजावरकडची कितीतरी घरं आली होती. राघोत्तमराव उभे राहिले. दरबार, राजा, पणजोबा, काही नाही. बाड दोन्ही हातांत धरून त्यांनी एवढंच विचारलं, "चंद्राबाईंच्या घरचें कोणी आलें आहे का?"

ते खाली बसले नाहीत, एकेका रांगेकडे बघत उभेच राहिले.