सासूबाईंचे पान

वन्सं, आमची बैलगाडी निघाली तेव्हा वेशीपर्यंत एकट्या सासूबाई आल्या होत्या. तुमच्या सासरच्यांनी तुम्हांला उंबरा ओलांडू दिला नाही, हे मला ठाऊक आहे. बडोद्याच्या राजवाड्यातली धर्मकृत्ये वेदमंत्रांनी व्हावीत असे महाराजांनी ठरवले, जुने उपाध्ये मराठ्यांना वेदोक्त सांगायला तयार होईनात, म्हणून तुमच्या भावाला ती नोकरी मिळाली. घरात विद्या होती, दाणे नव्हते. ती पत्करली म्हणून गावाने आम्हांला वाळीत टाकले. सासूबाई ह्यांना एवढेच म्हणाल्या, "पोटासाठी जातोस, जा बाबा. पण माझ्यामागे माझ्या पानावर ब्राह्मण बसव. उपाशी ठेवू नकोस मला."

बडोद्यात वाडी नावाच्या पेठेत बिऱ्हाड मिळाले. नदीवरून घागरी वाहून माझा खांदा कायमचा दुखरा झाला होता. इथे दाराशी नळ. मुलीला शाळेत घालणे सक्तीचे, तिच्याच पाटीवर मीही लिहायला शिकले. पण हळदीकुंकवाला बोलावले तर एक ब्राह्मणीण येत नसे. भांडी घासणारी मणीबेन एकदा भाबडेपणाने म्हणाली, "बेन, तमारे त्यां कोई महेमान नथी आवता?" पाहुणे का येत नाहीत ते काय सांगणार तिला, कपाळ!

सासूबाई गेल्या ते आम्हांला उशिरा कळले. वर्षश्राद्धाला ब्राह्मण मिळेना, तेव्हा ह्यांनी शास्त्रात सांगितल्याप्रमाणे दर्भाचे बटू करून पाटांवर मांडले आणि त्यांच्यापुढे पाने वाढली. गवताच्या गाठींना मी वडे वाढले, वन्सं.

ही गोष्ट ह्यांच्या खात्यातल्या साहेबांच्या कानी गेली. भला माणूस, जातीने मराठा. पुढच्या श्राद्धाला त्यांनी सरकारी वर्षासनावरच्या दोन भिक्षुकांना आमच्याकडे जाण्याचा हुकूमच दिला. मला इतका आनंद झाला की पहाटे उठून सोवळ्यात खीर ढवळताना मी सासूबाईंशी मोठ्याने बोलत होते.

दोघे आले. पाय धुऊ दिले, पाटावर बसले. ह्यांनी संकल्प सोडला आणि आपोशनाचे पाणी द्यायला पळी पुढे केली. दोघांनीही हात मांडीवरून उचलला नाही. ह्यांनी विनवले. मी दाराआडून पदर पसरला. खिरीवर साय धरली तरी ते तसेच बसून होते. शेवटी थोरले म्हणाले, "बसण्याचा हुकूम होता, बसलो. घास काही हुकमाने उतरत नाही, शास्त्रीबुवा." आणि उठले.

बसलेला ब्राह्मण न जेवता उठला म्हणजे सासूबाईच पानावरून उपाशी उठल्या, हे तुम्हांला सांगायला नको. गवत परवडले असते. मी तोंडाला येईल ते बोलले, त्यांच्या सात पिढ्या काढल्या. संध्याकाळी हे माझ्यापाशी येऊन बसले. मग म्हणाले, "त्यांना शिव्या देऊ नकोस. त्यांच्या जागी मी असतो तर मीही उठलो असतो."

ज्या माणसाच्या पाठीमागे मी मुलूख सोडला, तो रोज राजवाड्यात जे करून येत होता ते त्याला स्वतःलाच पाप वाटत होते.

तुम्ही विचारता, बडोदे आता आपले वाटते का? मला वाटते. मुलीला तर दुसरे गावच माहीत नाही. हे मात्र मनाने अजून त्या वाळीत टाकणाऱ्या गावातच राहतात, वन्सं, आणि तिथे त्यांना एकट्याला सोडून मला इथे घर करता येत नाही.