पाशाच्या घरची कॉफी

लष्करात साध्या शिपायापासून वर चढलेल्या, शाळा न शिकलेल्या अधिकाऱ्यांचे हुद्दे छाटायचे, असा नवा कायदा इस्तंबूलच्या सरकारने काढला. बेहिजे हानुमचे यजमान शाकिर हाडं झिजवून लिवा, म्हणजे सेनापती, झाले होते, आणि लिवा झालं की नावाला पाशा हा किताब लागतोच. मंगळवारी त्यांना तीन पायऱ्या खाली आणून बिनबाशी केलं. बिनबाशीला पाशा कोण म्हणतो? आणि शुक्रवारी त्यांच्या मुलीला, निगारला, बघायला मुलाकडचे येणार होते, तेही पाशाची मुलगी म्हणून.

"आधी सांगून टाक," शाकिर म्हणाले.

"ठरू द्या हो. मग सांगू."

"फसवून द्यायची का पोर?"

बेहिजे कॉफीचे पेले पुसायला उठली.

शुक्रवारी मुलाची आई मेवहिबे हानुम आली, तिचा नवरा मिरालाय, म्हणजे लिवाच्या एकच पायरी खाली. निगार कॉफी देऊन रिवाजाप्रमाणे समोर उभी राहिली. पेला रिकामा होईपर्यंत मुलगी उभी राहते, म्हणून पसंत असेल तर बायका एकेक घोट सावकाश घेत बसतात. मेवहिबेने मात्र वाफाळती कॉफी दोन घोटांत संपवली आणि पोरीकडे धड बघितलंही नाही. निगार पेले घेऊन आत गेली. बेहिजेने मनाशी म्हटलं, कळलं वाटतं यांना.

"आम्हाला पसंत आहे," मेवहिबे म्हणाली. "याच आठवड्यात साखरपुडा उरकू. थांबायचं कशाला?"

बेहिजेला हायसं वाटलं. झाकली मूठ तशीच ठेवावी, असं मनात आलंही. इतक्यात पलीकडच्या दालनातून शाकिरांचं खाकरणं ऐकू आलं. मेली ती लाज, असं मनाशी म्हणत तिने खाली मान घातली.

"पाशा आता पाशा राहिले नाहीत. मंगळवारपासून बिनबाशी आहेत. तुम्ही उठून गेलात तरी माझा राग नाही."

मेवहिबे उठली नाही. उलट बेहिजेच्या जवळ सरकली.

"आमचेही मिरालाय राहिले नाहीत हो. बातमी फुटायच्या आत जमवून टाकावं म्हणून धावत आले. तुमच्या नजरेसमोर बसवेना, म्हणून जीभ भाजून घेतली."

 मग मेवहिबेने डोळे पुसले.

"अजून एक कॉफी सांगा, बाई. मुलीला अजून मी पाहिलंच नाहीये."