अप्पांच्या पूजेचं पाणी

अप्पांच्या हातून लिंग खाली पडलं, त्या दिवशी आमच्या घरात कुणी जेवलं नाही.

कुणी म्हणजे आम्ही दोघंच. अव्वा, माझी आई, जाऊन बरीच वर्षं झाली होती.

आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग रोज डाव्या तळहातावर घेऊन, पाणी घालून पूजा करणारा माझा बाप. "माझंच कायतरी चुकलं असंल," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

पोटाचा कॅन्सर लिव्हरपर्यंत गेलाय हे ऐकूनही ते इतके खचले नव्हते.

पहिली केमो नुकतीच झाली होती. दोन औषधं एकत्र. एक कलबुर्गीच्या दवाखान्यात सलाईनमधून, दुसरं छातीतल्या नळीला जोडलेल्या छोट्या पंपातून, पुढचे दोन दिवस, इथं सीमेलगतच्या आमच्या मेहकर गावात, घरी.

पुढच्या खेपेला डॉक्टरांना अप्पांच्या हाताचं विचारलं. म्हणाले, "त्यातल्या एका औषधाचा साइड इफेक्ट आहे. गार लागलं की हाताला करंट बसल्यासारखं होतं. थंड टाळा म्हणून सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं.
फ्रिजचं पाणी बंद केलं होतं. ताक बंद केलं होतं.
पूजेचं पाणीपण गारच असतं, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

"अप्पा, उद्यापासून पाणी जरा गरम करून देते."
"लिंगाला ऊन पाणी? न्हाई. घागरीतलंच दे."

मग मी लबाडी सुरू केली. शाळेत शिकवायला जायच्या आधी, तांब्यात घागरीतलं पाणी आणि वर थोडं गॅसवरचं.

एकदा धार सोडता सोडता थांबले.
"घागरीतलंच हाय का गं?"
"व्हय, अप्पा."
माझ्याकडे बघत राहिले. "बरं." आणि पूजा पुरी केली.

लिंग पुन्हा कधी पडलं नाही.

औषधांनी काही महिने दिले. मग त्यांचंही काही चालेना.

शेवटी शेवटी एकदा म्हणाले, "मी गेल्यावर कुणाशी लबाड बोलणार हायस तू?"
मला तेव्हा हसू आलं होतं.

आमच्यात पुरतात. अप्पांना समाधीच्या खड्ड्यात बसवलं, तळहातावर लिंग ठेवलं. विधी करणारे स्वामी म्हणाले, पाणी द्या.

मी तांब्या पुढे केला. कोमट होतं.
कुणाला कळलं नाही.

आज वर्ष झालं.

अप्पा, घरात बोलायला कुणी नाही. लबाडसुद्धा.

हात जोडते. शरणु, अप्पा.