शांताच्या भुवया

हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तो गेला, आता तुम्ही ऐका. शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे सजवून लिहिता येत नाही — आणि हे सजवण्यासारखं नाहीच.

माझी नात नेहा हिंजवडीत कामाला आहे. कॉम्प्युटरवर माणसांचे चेहरे बनवते — हुबेहूब, हसणारे, रडणारे. तिला एक म्हातारी हवी होती. सुरकुत्या घरातच फुकट मिळतायत म्हटल्यावर मला घेऊन गेली. चेहरा कसा हलतो ते टिपायला तोंडभर काळे ठिपके काढले, समोर कॅमेरे लावले आणि म्हणाली, "आजी, रड."

रडण्यात मी कधी मागे नव्हते. लगेच गळा काढला. तिने अर्ध्यातच थांबवलं.

"तोंड रडतंय, आजी. भुवया रडत नाहीत."

"तुझ्या कॉम्प्युटरची किती माणसं गेली गं?"

"चिडू नकोस. खरं दुःख असलं की भुवयांची आतली टोकं वर चढतात. मुद्दाम आणायला फार कठीण. हे बघ." तिने पडद्यावर कुणाचा तरी चेहरा दाखवला.

तसा चेहरा मी पाहिला होता — सासूबाई गेल्या त्या दिवशी.

माझी धाकटी जाऊ शांता. सासूबाईंचं अंथरुणातलं सगळं सहा वर्षं तिने केलं. मी काय केलं? भेटायला येणाऱ्यांना चहा. त्या दिवशी बायका जमल्या. आमच्याकडे रीतच होती — नवी बाई दारात आली की तिच्या गळ्यात पडून पुन्हा रडायचं. मी प्रत्येकीच्या गळ्यात पडले. शांता भिंतीशी बसलेली, डोळे कोरडे. एकीने विचारलं, "ही का गं गप्प?"

मी म्हणाले, "सुटली ना ती!"

एवढंच. पण भावकीत तेच फिरलं — सेवा केली ती नाइलाजाने, म्हातारी गेल्यावर हिला बरं वाटलं. बोलणी ऐकून दिराने बिबवेवाडीत वेगळं बिऱ्हाड केलं.

मला कळलं नव्हतं, असं समजू नका. भुवयांचं नेहाने आत्ता सांगितलं, पण शांताचं काळीज फाटलंय हे मला तेव्हाच दिसत होतं. म्हणून तर बोलले. तिच्याशेजारी माझं रडणं उघडं पडलं असतं. आणि सुटलं कोण होतं? मी. माझ्या मनातलं मी तिच्या तोंडाला फासलं.

नेहाला म्हणाले, "पूस हे ठिपके. तुला हवंय ते माझ्याकडे नाही."

शांता आहे अजून. सणावाराला येते, थोरली जाऊ म्हणून माझ्या पाया पडते. मी पडू देते.