दिल्लीला फोटो लागत नाहीत

‘हनुवटी खाली घ्या मावशी,’ फोटोवाला म्हणाला आणि ताईने डोळेही खाली घेतले. तिसऱ्या वेळी जमले. माझा पहिल्याच वेळी निघाला. राजू, आमचा धाकटा भाऊ, दुकानाबाहेर मोटारसायकलवर बसून होता. दोघींच्या आठ-आठ प्रती निघाल्यावर त्याने पाकिटे मागून घेतली आणि खिशात ठेवली. हॉटेलवाले मागतात, म्हणाला. गाडी संध्याकाळची होती.

दिल्लीला जाणाऱ्यांसाठी पहिली सूचना इथेच देते. मूळ आधारकार्ड जवळ ठेवा. गाडीत पाहतात, हॉटेलात पाहतात. फोटो कोणी मागत नाही. मला हे माहीत होते, कारण हॉटेलचे बुकिंग मीच केले होते. तरी मी खुर्चीवर बसले आणि फोटो काढून घेतला.

फोटो कशासाठी, तेही माहीत होते. बाबांना जाऊन दोन वर्षे झाली. आर्वीजवळच्या आमच्या आठ एकर वावराच्या सातबाऱ्यावर आता तिघांची नावे आहेत. आमच्याकडे बहिणी हक्कसोडपत्रावर फोटो चिकटवून सही करतात, भाऊ साडी नेसवतो आणि माहेर शाबूत राहते. दिवाळीत राजूने विषय काढला तेव्हा ताई लगेच हो म्हणाली. मी गप्प राहिले. बाबा शेवटचे सव्वा वर्ष माझ्याकडे, बोरगाव मेघेला, पुढच्या खोलीत पडून होते. राजू रविवारी यायचा, संत्री आणायचा, त्यांच्या पायाशी बसायचा. त्यांना कुशीवर मी वळवत असे. वीस वर्षे ते वावर राजूच कसतो हेही खरे. पण माझी सही गृहीत धरलेली होती. ती मला कोणी मागितलीच नव्हती.

तुरी निघाल्यावर राजूचा फोन आला. तिघे मिळून दिल्ली पाहू, खर्च त्याचा, आखणी माझी. दिल्ली ताईची जुनी इच्छा. राजू दहावीत असताना बाबा त्याला तिथल्या कृषी प्रदर्शनाला घेऊन गेले होते. इंडिया गेटसमोरचा त्या दोघांचा फोटो आर्वीच्या घरात अजून आहे. तेव्हा ताईचे लग्न ठरत होते आणि मला परीक्षा होती. पुढच्या वर्षी पोरींना नेऊ, असे बाबा म्हणाले होते.

मी वहीची दोन पाने भरली. काय पाहायचे, कुठे जेवायचे, कोणती मेट्रो कुठे बदलायची. तीस वर्षे शाळेत मराठी शिकवल्यावर आखणीची सवय लागते.

सेवाग्राम स्टेशनवर ताई माझ्या आधी डब्यात चढली आणि खिडकीजवळच्या जागेवर कापडी पिशवी ठेवून बसली. मी आल्यावर तिने ती उचलली. लहानपणी आर्वी-वर्धा एसटीत ती हेच करायची. पिशवीत तिखट-मिठाच्या पुऱ्या, ठेचा आणि भाजलेले शेंगदाणे होते. गाडीत जेवण मिळते, पण घरचे न्या. नागपूर गेल्यावर आम्ही जेवलो.

धुक्यामुळे तीन तास उशीर झाला. फेब्रुवारीत जाणार असाल तर पहिल्या दिवशी काही ठरवू नका. करोलबागेतले हॉटेल ठीक होते, चादरी स्वच्छ, गरम पाणी सकाळी नऊपर्यंत. काउंटरवरच्या माणसाने आधारकार्डांच्या झेरॉक्स काढल्या. मी राजूकडे पाहिले. तो चहाची चौकशी करत होता.

मेट्रोचे कार्ड पहिल्याच दिवशी करून घ्या, प्रत्येकाचे वेगळे. सरकत्या जिन्यापाशी ताई थांबली. मागे माणसे साचली. राजूने तिचा हात धरला, ‘बैलगाडीत चढतो तसं चढ,’ म्हणाला, आणि ती चढली. पुढचे तीन दिवस प्रत्येक जिन्यावर त्याने तिचा हात धरला. एकदाही विसरला नाही. हे लिहिणे भाग आहे.

इंडिया गेटला दुपारी पोचलो. ऊन सौम्य होते. मेट्रोपासून बरेच चालावे लागते, म्हाताऱ्यांसाठी रिक्षा करा. रिक्षावाल्याने कुठून आलात म्हणून विचारले. वर्धा त्याला माहीत नव्हते. राजूने नागपूर सांगितले, तर तो म्हणाला, ‘अच्छा, संतरे वाले.’ ताईने ते तीनदा म्हणून दाखवले आणि हसली. कमानीसमोर तिने जागा दोनदा बदलली. फोटोत बाबा कमानीच्या डाव्या खांबाशी होते, तिथे तिला उभे राहायचे होते. राजूने तिला अंदाजाने उभे केले. मी फोटो काढला. या फोटोत ती थेट कॅमेऱ्याकडे पाहते आहे.

रविवारी लाल किल्ला. तो सोमवारी बंद असतो, हे लक्षात ठेवूनच मी दिवस लावले होते. मग चांदणी चौक. पराठ्यांची गल्ली अरुंद आहे आणि पराठे तळलेले असतात, भाजलेले नाहीत. पोट नाजूक असेल तर एकच खा. छोले-भटुरे खाताना ताई म्हणाली, ‘चन्याची उसळ हाय अन् मोठी पुरी. एवढ्यासाठी आनलं काय आमाले?’ राजूने तिच्यासाठी दुसरी प्लेट मागवली. तिने ती संपवली.

मला सहल आवडत होती. हे मला नको होते.

सोमवारी सकाळी कुतुबमिनार. तिकीट आधी फोनवर काढा, रांग वाचते. ताई एका दगडी कट्ट्यावर बसली, शेजारी पिशवी ठेवली, मी येईपर्यंत कोणाला बसू दिले नाही. नंतर जेवायला कनॉट प्लेस. ती जागा मी मुद्दाम निवडली होती: पांढरे टेबलक्लॉथ, पितळी वाट्यांतली डाळ, हात धुवायला लिंबू टाकलेले गरम पाणी. तिघांचे बिल करोलबागेतल्या एका मुक्कामाएवढे झाले. एकदा जायला हरकत नाही.

डाळ येण्याआधी राजूने प्लॅस्टिकचे फोल्डर टेबलावर ठेवले. टाइप केलेला मसुदा होता. बुधवारी साडेदहाची वेळ घेतली आहे म्हणाला, आर्वीला, नोंदणी कार्यालयात. सोबत फोटोंची दोन पाकिटे होती.

‘हॉटेलवाल्यानं फोटो मागतले नाई, राजू,’ मी म्हणाले.

त्याने पाण्याचा ग्लास फोल्डरपासून दूर सरकवला.

‘दिल्ली दाखवून सही घेतोस काय?’

त्याने ताईकडे पाहिले. ताई रुमालाची घडी मोडत होती.

‘त्याले नको बोलू मंदे,’ ती म्हणाली. ‘तो साडीच आनत होता. म्याच म्हटलं, साडी नको, दिल्ली दाखवजो. मंदीले संग घेजो, तिले समजते सारं.’

‘मंग मले काऊन नाई सांगतलं?’

‘सांगतलं असतं त आली असती काय तू?’

वाढपी आला, डाळ वाढून गेला. मी तिला म्हटले की वावर तिचेही आहे, सेलूला तिच्या घरी सून टाकून बोलते तेव्हा तिच्या नावावर काहीतरी असलेले बरे. ती ऐकत होती. पोळीचा तुकडा तिने डाळीत बुडवला आणि तसाच ठेवला.

‘वावर घेऊन काय करू मी? भावाशी कोर्टात भांडू?’ ती म्हणाली. ‘वर्षातले आठ दिवस आर्वीले भेटतेत मले. त्या आठ दिवसात कोनी मले उठ म्हनत नाई. तुले पेन्शन हाय, घर हाय. मले तेवढंच हाय. तू सही नाई केली त ते बी जाईन.’

‘तसं काई नाई ताई,’ राजू म्हणाला. फोल्डर मात्र टेबलावरच राहिले. जेवण संपेपर्यंत आम्ही त्याच्या दोन बाजूंनी ताटल्या सरकवत राहिलो.

परतीच्या गाडीत राजूने आम्हा दोघींना खालचे बर्थ दिले आणि स्वतः वर गेला. ताईने फोनवर इंडिया गेटचा फोटो उघडला, बोटांनी मोठा केला, खांब पाहिला. बाबा याहून थोडे मागे उभे होते, असे तिने मला सांगितले.

मंगळवारी दुपारी सेवाग्रामला उतरलो. ताई राजूबरोबर आर्वीला गेली, मी घरी आले. पुढच्या खोलीतला बाबांचा पलंग मी अजून हलवलेला नाही. वहीची दोन पाने काढून पाहिली. सगळे झाले होते, एकही ठिकाण सुटले नव्हते. कोणाला हवी असतील तर आखणी चांगली आहे, जशीच्या तशी वापरा. तीन दिवस पुरतात. मनात राहिले ते एवढेच, की ताईने आयुष्यात एक गोष्ट मागितली आणि तिची किंमत तिने दोघींच्या वतीने कबूल केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मी आर्वीच्या नोंदणी कार्यालयात पोचले. दस्तावर आमचे फोटो चिकटवलेले होते, ताईचा वर, माझा खाली. ताईने सही केली. माझे नाव घेतल्यावर मी सही करत नाही असे सांगितले आणि माझा फोटो नखाने सोडवून घेतला. वकिलाचा माणूस म्हणाला की आता ताईचा दस्त वेगळा टाइप करावा लागेल, तासभर जाईल. राजू त्याच्याबरोबर बाहेर गेला. ताई बाकावर बसली होती, शेजारी पिशवी होती. मी जवळ जाऊन उभी राहिले. तिने पिशवी उचलली नाही. वर्धेची एसटी अकरा चाळीसला लागली.